दिवा आणि दिवस



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे सूर्याची आणि वाहत्या पाण्याची वीज, आणि त्या विजेवर डोंगराळ मुलखातल्या आदिवासी बायकांचा चालणारा, निदान चालू पाहणारा, चरितार्थ. अशा विषयावर खरे म्हणजे एखाद्या इंजिनियराने बोलावे, किंवा आदिवासी भागात उभा जन्म घालवलेल्या एखाद्या सेवकाने बोलावे. मी या दोहोंपैकी कोणी नव्हे. मी कामगार-संघटनेचा कार्यकर्ता. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, याचे कारण असे की, वीज आणि मजूर यांचे नाते हा आमच्या चळवळीच्या इतिहासातला एक फार जुना धडा आहे. आणि तो धडा आज डुंगरपूरच्या आणि दुमक्याच्या पाड्यांवर पुन्हा पहिल्यापासून गिरवला जात आहे.

सौरदिव्याची हकीकत सांगताना एक वाक्य हटकून येते : दिवा आला आणि बाईला रात्री दोन तास जादा काम करता येऊ लागले. हे वाक्य कौतुकाने लिहिलेले असते आणि लिहिणाराचा हेतूही चांगलाच असतो. परंतु ज्याने मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचला आहे, त्याच्या कानाला ते खटकल्याशिवाय राहत नाही. कारण हीच गोष्ट सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत घडली होती, आणि तिचे कौतुक करायला त्या वेळी एकही मजूर पुढे आला नव्हता.

गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी कामाचा दिवस सूर्य ठरवीत असे. उजाडले की साचे सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात लहान म्हणून कमी. ही काही सुखाची स्थिती नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मजुरांच्या सभा भरवून आठवड्याची एक सुटी मागितली, ती याच काळात. आणि ती मिळायला १८९० साल उजाडावे लागले. १८९१ च्या कायद्याने बायकांच्या कामाला ११ तासांची मर्यादा घातली, पण प्रौढ पुरुषाला कायद्याची कसलीच मर्यादा नव्हती. त्याला एकच संरक्षण होते, ते मावळत्या सूर्याचे. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ते संरक्षणही गेले. मालकांनी काम १४ ते १५ तासांपर्यंत ताणले. मजुरांनी त्या वर्षी मुंबईत याविरुद्ध गलका केला. सरकारला आधी समिती आणि मग आयोग नेमावा लागला. आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस १२ तासांवर बांधला गेला. म्हणजे दिवा आला १९०५ साली, आणि दिव्याला वेसण घालणारा कायदा आला १९११ साली. मधल्या सहा वर्षांची भरपाई मजुराने आपल्या झोपेतून केली.

यात दिव्याचा दोष नाही, हे उघड आहे. दिवा दिवस लांबवतो. तो लांबलेला दिवस कोणाच्या पदरात पडायचा हे दिव्याच्या हाती नसते. दिवा कोणाच्या मालकीचा, यंत्र कोणाच्या मालकीचे, ते बिघडले तर सुधारणार कोण, आणि मालाचा दर लावणार कोण, यावर ते ठरते. आजच्या भाषणात मला एवढेच सांगायचे आहे. पुढे जे येईल ते याच्या पुष्ट्यर्थ.

आता गिरणगावातून डोंगराकडे वळू. नंदुरबारच्या अक्राणीत, पालघरच्या मोखाड्यात किंवा ओडिशातल्या कोरापुटात जी बाई पाड्यावर राहते, तिचा दिवस कोणत्याही गिरणीच्या पाळीपेक्षा लहान नाही. घरात दळण हवे. वरई किंवा कुटकी असेल तर दळण्याआधी ती मुसळाने कांडायला हवी. पाणी हवे, सरपण हवे. मग शेत, नाहीतर दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात. गुरे आणि रानडुकरे त्यांच्यावर टपलेली असतात, म्हणून उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जायला हवे. या प्रत्येक कामाला शक्ती लागते, आणि ती येते बाईच्या मनगटातून, मानेतून आणि कमरेतून. कोणत्याही वीजमंडळाच्या दप्तरात तिची नोंद नाही. जात्यावरच्या ओव्या आपण मोठ्या आस्थेने गोळा केल्या, आणि त्या आस्थेला पात्र आहेतच. पण ओवी हे दळणाच्या कष्टावर बाईने स्वतःच शोधलेले औषध होते, हे आपण विसरता कामा नये. औषधाची गोडी गाताना दुखण्याचे नाव घ्यावे लागते.

म्हणून वीज म्हटली की आपणा शहरवासीयांना दिवा आठवतो, पण त्या बाईच्या दृष्टीने पहिली वीज ही चक्कीची आणि पाण्याच्या पंपाची असते. मोखाडा-शहापूरच्या मुलखातून वैतरणेचे पाणी मुंबईला जाते. २०१४ साली मध्य वैतरणा धरणाची त्यात भर पडली. त्याच मुलखातली बाई वैशाखात डोक्यावर हंडे घेऊन उतार उतरते आणि चढ चढते. जव्हार-मोखाड्यात काही ठिकाणी सौरपंपाने खालचे पाणी पाड्यापर्यंत चढवण्याच्या योजना झाल्या आहेत. जिथे त्या नीट चालतात तिथे वाचलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न विचारावाच लागत नाही. हंड्याच्या कामावर मुकादम नसतो. तिथे जेवढी खेप वाचली तेवढा वेळ थेट तिचा झाला. पण हे सुख घरच्या कामापुरतेच. ज्या कामाचा माल बाजारात जातो, तिथे गणित बदलते. त्याकडे येण्यापूर्वी ही वीज तिथवर पोहोचली कशी, ते थोडक्यात पाहू.

सरकारी तारेची वीज या पाड्यांवर उशिरा पोहोचली, याचे एक कारण आपल्या व्याख्येत दडलेले होते. २००४ साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे गावातल्या १० टक्के घरांत जोडणी झाली आणि शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी वीज आली, की ते गाव कागदोपत्री उजळले असे धरले जाई. शंभर घरांच्या गावात नव्वद घरी चिमणी जळत असली तरी सरकारी तक्त्यात तिथे वीज होती. आणि ती नव्वद घरे बहुधा कोणत्या पाड्याची असत हे सांगायला नको. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपुरातील लेइसांग या गावी वीज पोहोचली आणि देशातले शेवटचे गाव उजळल्याचे जाहीर झाले. घराघरांत जोडणी देण्यासाठी 'सौभाग्य' योजना २०१७ च्या सप्टेंबरात सुरू झाली होती. तिने पुष्कळ घरांत तार नेली, हे मान्य केले पाहिजे. तथापि खांब पोहोचणे निराळे आणि वीज टिकणे निराळे. आषाढात डोंगरावर एक तार तुटली, तर ती जोडायला माणूस केव्हा येईल, हे तालुक्याच्या गावापासूनच्या अंतरावर अवलंबून असते.

सूर्याच्या विजेला तार ओढावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. ही वीज काही कालपरवाची नव्हे. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकनची सौरपेशी जगाला दाखवली. पण पुढे कित्येक वर्षे ती उपग्रहावर बसवण्याइतकी महाग वस्तू होती. दोन गोष्टींनी ती झोपडीच्या छपरापर्यंत आणली. पहिली, १९९० नंतरच्या दशकात जपानमध्ये साधलेला निळ्या उजेडाचा एलईडी. त्यातून पांढरा उजेड देणारा दिवा झाला, आणि एक-दीड वॅटमध्ये पोराला वाचता येईल एवढा प्रकाश मिळू लागला. त्या शोधाला २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट, २०१० नंतरच्या दशकात सौरपत्र्यांच्या किमती कोसळल्या. रॉकेलची चिमणी धूर देते, डोळे खाते आणि रोज पैसे मागते. सौरदिवा पैसे एकदाच मागतो. मात्र दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी थकते, आणि तेव्हा तो सुधारणारा हात जवळ नसेल, तर तो दिवा खुंटीवर टांगलेले खेळणे होतो. या क्षेत्रातल्या पुष्कळशा योजनांचे मरण बॅटरीत नव्हते, दुरुस्तीत होते.

ही गोष्ट काही जणांनी वेळीच ओळखली. राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजने खेड्यातल्या बायकांना, त्यांतही पुष्कळशा अक्षरओळख नसलेल्या आणि नातवंडे असलेल्या बायकांना, सौरदिव्याचे काम शिकवले. तारांचे रंग आणि भागांचे आकार यांवरून सहा महिन्यांत त्या बायका मंडल जोडू लागल्या. परदेशांतल्या दूरदूरच्या खेड्यांतूनही बायका तिथे शिकून गेल्या. शहाण्या माणसांचा एक जुना समज असा की, यंत्र म्हटले की पदवी हवी आणि पदवी म्हटली की पुरुष हवा. तिलोनियाने तो समज फारसा वाद न घालता मोडून दाखवला.

आपल्या मुंबईचा या हकीकतीशी संबंध येतो तो २०१४ साली. पवईच्या आयआयटीने दहा लाख सौरदिव्यांची एक योजना हाती घेतली. महाराष्ट्र, मध्यप्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांतल्या मागास तालुक्यांतील शाळकरी मुलांना १२० रुपयांत एक दिवा द्यायचा, अशी ती योजना. स्वस्त दिवा ही काही मोठी नवलाई नव्हे. नवलाई अशी की, दिवे तयार होऊन आलेच नाहीत. सुटे भाग आले. ते तालुक्याच्या ठिकाणी तिथल्याच माणसांनी जोडले, तिथल्याच माणसांनी शाळांतून विकले आणि दुरुस्तीचे केंद्रही तिथेच बसले.

राजस्थानच्या दक्षिण टोकाला गुजरातच्या सीमेवर डुंगरपूर जिल्हा आहे. तिथल्या लोकसंख्येत ७० टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी, मुख्यतः भिल्ल. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा, आणि पुरुष मजुरीसाठी गुजरातेत. मागे राहिलेल्या बायका रोजगार हमीच्या कामावर दगडमातीची पाटी उचलायच्या. सरकारच्या राजीविका योजनेखाली या बायकांचे बचतगट होते, आणि गटांचे मिळून संघ झाले होते. अशा चार संघांतल्या बायकांनी दिवे जोडण्याचे काम अंगावर घेतले. दगड उचलणाऱ्या हातांनी डाख लावायला शिकून सुमारे ४०,००० दिवे जोडले आणि विकले. इथवरची गोष्ट इतर योजनांसारखीच. पण काम संपले म्हणजे अशा योजनेतली माणसे पांगतात, तशी ही पांगली नाहीत. पवईच्या तंत्रज्ञांनी आणि जिल्ह्याच्या प्रशासनाने साह्य केले आणि सौरपत्रे तयार करण्याचा एक छोटा कारखाना या बायकांच्या मालकीचा उभा राहिला. डुंगरपूर रिन्यूएबल एनर्जी टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड हे त्याचे लांबलचक नाव. लोकांनी ते आटोपशीर करून 'दुर्गा' केले. त्या कारखान्याच्या भागधारक त्या बायकाच आहेत.

कामगार-चळवळीतल्या माणसाला या गोष्टीचे मोल विशेष वाटते. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आपण सर्वांनी दिली. 'चालवील त्याचा कारखाना' म्हणायला मात्र आम्हा मंडळींची जीभ अडखळली. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जच्या कामगारांनी १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने आपला आजारी कारखाना सहकारी संस्थेमार्फत ताब्यात घेतला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे लागले होते. पुढे त्या प्रयोगाला ओहोटी लागली. पोलाद आणि तांबे ओळखणाऱ्या, शिकलेल्या शहरी कामगारांना जे जड गेले, ते डुंगरपूरच्या भिल्ल बायकांनी अंगावर घेतले आहे. त्यांची वाट सोपी असेल असे मी म्हणणार नाही. मालकी कागदावर मिळते. ती टिकते खेळत्या भांडवलावर आणि मागणीवर. मोठ्या कारखान्यांच्या स्वस्त मालापुढे लहान कारखान्याला रोज उभे राहावे लागते. सरकारी शाळा, दवाखाने आणि पंचायती आपले सौरपत्रे अशा कारखान्याकडून घेतील की कुठल्या तरी मोठ्या ठेकेदाराकडून, या साध्या निर्णयावर त्या बायकांचे पगार लोंबकळत असतात. 'स्वदेशी' हा शब्द आपण शतकाहून अधिक काळ उच्चारतो आहोत. डुंगरपूरचा सौरपत्रा घेणे ही आजची स्वदेशी आहे, असे मला वाटते.

आता बाजाराच्या मालाकडे, म्हणजे माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. टसरचे रेशीम आपल्याकडे विदर्भात कोसा म्हणून ओळखतात. गडचिरोलीत आरमोरीच्या बाजूला ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याचे किडे वाढतात. पण टसरचा सर्वांत मोठा मुलूख झारखंडचा. दुमका, चाईबासा या बाजूला संथाळ आणि हो लोक रानातल्या झाडांवर हे किडे पोसतात आणि कोश गोळा करतात. कोश सोड्याच्या नाहीतर राखेच्या पाण्यात उकळायचे, चार-सहा कोशांची टोके एकत्र धरायची आणि तळहाताने मांडीवर वळून त्यांचा धागा काढायचा, ही जुनी रीत. हे काम बायकांचे. आदिवासी घरांतल्या आणि विणकरांच्या घरांतल्याही. दिवसभर मांडी उघडी टाकून बसायचे, तेल किंवा पाणी लावून तिच्यावर धागा घासायचा. कातडी सोलते, चिरा पडतात, त्या चिघळतात. अंगाचेच यंत्र करण्याचा हा धंदा, आणि त्याच्यातून निघालेली साडी शहरातल्या लग्नात मिरवते.

२०१८ साली केंद्र सरकारने 'बुनियाद' नावाचे एक लहानसे धागा काढण्याचे यंत्र पुढे आणले आणि मार्च २०२० पर्यंत मांडीवर धागा काढण्याची रीत देशातून नाहीशी करण्याचा संकल्प सोडला. हे यंत्र तारेच्या विजेवर चालते, तसेच सौर विजेवरही चालते. म्हणूनच ते अंधाऱ्या पाड्यावर नेता येते. त्या वेळच्या सरकारी निवेदनात आकडे दिले होते : मांडीवर धागा काढणारी बाई दिवसाला सुमारे १२५ रुपये मिळवते, ती या यंत्रावर ३५० रुपये मिळवू शकेल. यंत्राची किंमत, कर आणि वाहतूक सोडून, २५,००० रुपये.

मी हिशेबी माणूस आहे. वेतनकराराच्या टेबलाशी बसून तशी सवयच लागते. १२५ चे ३५० झाले, म्हणजे दिवसाला २२५ रुपये वाढले. ही सारी वाढ यंत्राच्या कर्जात भरली, तरी सुमारे १११ दिवसांत यंत्र फिटते. हिशेब उत्तम आहे. पण तो एका गृहीतावर उभा आहे : १११ दिवस पुरतील एवढे कोश तिच्या घरात आहेत. टसरचे पीक वर्षातून दोन-तीनदाच येते. हंगामात कोश घेऊन साठवायला रोख पैसा लागतो, आणि तो पैसा बाईपाशी नसतो, व्यापाऱ्यापाशी असतो. व्यापाऱ्याने कोश दिले आणि धागा परत घेतला, तर ती झाली नगावरची मजूर. मग काय होते, ते आम्हा गिरणीवाल्यांना पाठ आहे. यंत्र आले, माल दुप्पट-तिप्पट निघू लागला, की धाग्याचा दर उतरतो. दर उतरला की तीच मिळकत राखायला बाई दिवा लावून रात्री बसते. सौरदिवा तिच्या उशाशी आहेच. अशा रीतीने मुंबईचे १९०५ साल दुमक्याच्या झोपडीत येऊन पोहोचते. आणि तिथे ना फाटकावर भोंगा वाजतो, ना तास मोजायला कारखाना-निरीक्षक येतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या माणसाला आठवड्याचे ४८ तास बांधून दिले, पण घर हा कारखाना नव्हे.

यावर उपाय नाही असे नाही. त्याच झारखंडात टसरचा धागा काढणाऱ्या बायकांनी 'मसूता' नावाची स्वतःची उत्पादक कंपनी २००५ साली उभी केली. कोश एकत्र घ्यायचे आणि धागा एकत्र विकायचा, हे तिचे सूत्र. कोश बायकांचे झाले की यंत्रही त्यांचे होते, आणि दराच्या वेळी व्यापाऱ्यासमोर एक बाई नसते, अनेक जणी असतात. आमच्या भाषेत याला संघटना म्हणतात. दुसरा उपाय कायद्याचा. घरी बसून काम करणाऱ्या बाईला कायदा लावता येत नाही, ही सबब बिडीच्या धंद्यात १९६६ साली मोडीत निघाली. त्या वर्षीच्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. विडी वळणाऱ्या बाईला जे साधले, ते धागा काढणाऱ्या बाईला का साधू नये? सौर यंत्रे वाटणाऱ्यांनी यंत्राबरोबर हा प्रश्नही तिच्या दारी न्यावा.

आता या हकीकतीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या घरातल्या बटणाशी येऊन ठेपते. मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली ती १९१५ साली, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून. पुढे आणखी वीज हवी झाली आणि मुळशीला धरणाचा घाट घातला गेला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि १९२४ पर्यंत तो लढा चालला. मावळातल्या बायकाही त्यात होत्या. अखेर धरण झाले, शेते बुडाली आणि १९२७ साली भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. पाण्याची वीज स्वच्छ असते, तिला धूर नसतो, हे सारे खरे. पण स्वच्छ वीज म्हणजे न्यायाची वीज असे नव्हे, हा पाठ महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी घेतला.

तो पाठ पुन्हा गिरवला गेला नर्मदेच्या काठी. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात डोमखेडी आणि बिलगाव ही आदिवासी गावे आहेत. केरळातून आलेल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी या संस्थेच्या तरुण तंत्रज्ञांनी २००० साली डोमखेडीला ओढ्याच्या पाण्यावर अवघ्या ३०० वॅटची वीज निर्माण केली. मग जानेवारी २००३ मध्ये बिलगावच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचे केंद्र सुरू झाले. बांध घालायला गावकऱ्यांनी श्रमदान केले. बायामाणसांनी आणि पोरांनीही दगड वाहिले. पाड्यांवर दिवे लागले. १५ किलोवॅट म्हणजे शहरातल्या चार-पाच सुखवस्तू घरांची उन्हाळ्यातली वीज. पण तीन अश्वशक्तीच्या पिठाच्या चक्क्या चालवायच्या म्हटले तर तेवढ्यात चार-पाच चालतात, आणि पाड्यापाड्यावरचे जाते कोपऱ्यात उभे करता येते. त्या विजेचा मालक गाव होता. तारेची निगा, दिव्याचे पैसे, कोणाला किती, हे गाव ठरवी.

२००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याने आणि पुराने ते केंद्र बुडवले. सरदार सरोवराच्या वीजघरांची क्षमता १,४५० मेगावॅट. तिच्यातला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. त्या वाट्यासाठी महाराष्ट्राने नंदुरबारची ३३ आदिवासी गावे बुडिताखाली दिली, आणि त्यांच्याबरोबर हे १५ किलोवॅटही गेले. मोठ्या विजेने लहान विजेला गिळले. धरण हवे की नको, हा वाद इथे मी उकरून काढत नाही. त्याला निराळे व्याख्यान लागेल. माझे म्हणणे एवढेच की, राज्याच्या हिशेबात १,४५० मेगावॅटची नोंद झाली, पण बिलगावच्या बाईच्या हातून गेलेल्या १५ किलोवॅटची वजाबाकी कोणी केली नाही. आज सह्याद्रीत उदंचन जलविद्युतीच्या नव्या प्रकल्पांचे करार होत आहेत, माळरानांवर सौरपत्र्यांची शेते पसरत आहेत. ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा चांगली आहे आणि आपल्याला हवीही आहे. परंतु तिच्यासाठी ज्या चराईतून, ज्या सरपणाच्या रानातून बाईला उठवले जाईल, त्यांची वजाबाकी या वेळी तरी वहीत मांडली गेली पाहिजे.

कोणी म्हणेल, हा युनियनवाला प्रत्येक चांगल्या गोष्टीत खुसपट काढतो. आदिवासी बाईला दिवा मिळाला, यंत्र मिळाले, चार पैसे मिळाले; आणखी काय हवे? मी त्या दिव्याचे आणि त्या यंत्राचे स्वागतच करतो. मांडी सोलून धागा काढण्यापेक्षा यंत्र शतपटीने बरे. चिमणीपेक्षा सौरदिवा बरा. गिरणीतल्या मजुरांनीही विजेचे दिवे फोडा असे म्हटले नव्हते. त्यांनी तास बांधून मागितले, आणि ते मागितले म्हणूनच आज आपण संध्याकाळी कामावरून सुटून या मांडवात येऊन बसू शकतो. ही व्याख्यानमालासुद्धा बांधलेल्या तासांचे फळ आहे.

तेव्हा आपणा श्रोत्यांपाशी माझे मागणे साधे आहे. आपल्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी नगरपालिकेत, कोणी एखाद्या कारखान्याच्या सेवानिधीचा कारभार पाहत असेल. पुढच्या वेळी दूरच्या पाड्यावर सौरदिवे किंवा सौरयंत्रे वाटण्याचा समारंभ ठरेल, तेव्हा हार घालण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. यंत्र कोणाच्या नावावर आहे, बाईच्या, तिच्या नवऱ्याच्या की व्यापाऱ्याच्या? बिघडले तर डाख लावायला कोण येणार, पाड्यावरची पोर की शंभर मैलांवरचा मेकॅनिक? कच्चा माल घ्यायला रोख पैसा कोणाचा? आणि मालाचा दर लावताना ती एकटी असेल की दहाजणी? या चारांची उत्तरे नीट आली, तर तो दिवा तिच्या चरितार्थाचा. नाही आली, तर त्याच दिव्याने आपण तिची झोप विकत घेतली, आणि तीही स्वस्तात.

दिवा लावण्याचा मान पाहुण्याला देण्याची आपली रीत आहे. ती खुशाल चालू द्या. परंतु दिवा मालवण्याचा हक्क घरच्या बाईचा असला पाहिजे. पोटापुरते आणि चार पैसे गाठीला राहतील एवढे दिवसा मिळवून, अंधार पडल्यावर 'आजचे काम झाले' असे म्हणून तिला तो मालवता यावा, किंवा त्याच्या उजेडात आपल्या लेकीशेजारी नुसते बसता यावे. गिरणीतल्या माणसाला हा हक्क मिळायला पिढ्या लागल्या. दुमक्याच्या आणि डुंगरपूरच्या बाईला तेवढी वाट पाहायला लावण्याचे आता काही कारण उरलेले नाही.